जन्मठेपेच्या कैद्याची ‘चौदा वर्षं’ नेमकी कधी भरतात?

प्रश्न थोडक्यात असा: मामांना खुनाच्या खटल्यात कलम ३०२ आणि ३४ खाली जन्मठेप झाली. अटक १२ मार्च २०१० ची. ३ नोव्हेंबर २०१० ला जामीन मिळाला, २० जून २०१३ ला शिक्षा लागली आणि तेव्हापासून ते आतच आहेत. मधल्या काळात फर्लो काही वेळा मिळाली. पॅरोलवर दोनदा सुटले, दोन्ही मिळून ९० दिवस, आणि दुसऱ्या वेळी १२ दिवस उशिरा हजर झाले. त्याच खटल्यातल्या सहआरोपीचा सुटकेचा प्रस्ताव २०२४ मध्येच वर गेला, मामांचा मात्र अजून नाही. पॅरोलची तारीख ठरवतात कशी, आणि जेलवाले मुद्दाम अडवून धरतायत का?

शेवटच्या शंकेचं उत्तर आधी देतो, कारण घरच्यांची झोप त्यानेच उडालेली असते. तुम्ही दिलेल्या तारखांवरून तरी कुणी अडवून धरलेलं दिसत नाही. मामांची चौदा वर्षं अजून भरलेलीच नाहीत. सहआरोपीची भरली. एकाच दिवशी अटक, एकाच दिवशी शिक्षा, तरी दोघांच्या तारखांमध्ये जवळपास तीन वर्षांचं अंतर पडतं. ते कसं, ते खाली मांडतो.

तुम्ही ज्याला पॅरोल म्हणताय ती मुदतपूर्व सुटका आहे. आपल्याकडे पॅरोल म्हणजे अभिवचन रजा: आईचं आजारपण, बायकोचं बाळंतपण, पुरात घर पडणं अशा कारणासाठी काही दिवस बाहेर सोडणं आणि मुदत संपली की परत आत. फर्लो म्हणजे संचित रजा. तिला कारण लागत नाही. ठरावीक काळ आत काढला आणि वागणूक चांगली असली की ती मागता येते. या दोन्ही रजांसाठी १९५९ चे मुंबई फर्लो व पॅरोल नियम आणि त्यांतल्या पुढच्या दुरुस्त्या पाहाव्या लागतात. जन्मठेपेतून कायमचं बाहेर पडणं हा राज्य सरकारचा वेगळा अधिकार आहे. तो पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३२ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७३ मध्ये आहे. परदेशी मालिकांतला पॅरोल बोर्ड, त्याच्यापुढची सुनावणी, हा प्रकार आपल्याकडे नाही. कॅनडात मुदतीच्या शिक्षेचा एक तृतीयांश भाग किंवा सात वर्षं, यांतलं जे कमी ते पूर्ण झालं की कैदी पूर्ण पॅरोलसाठी पात्र होतो, म्हणजे तारीख शिक्षेच्या दिवशीच काढता येते. आपल्याकडे जन्मठेपेच्या कैद्याला अशी एक तारीख मिळत नाही. त्याचे दोन हिशेब समांतर चालतात आणि दोन्ही पुरे व्हावे लागतात.

पहिला हिशेब चौदा वर्षांचा.

‘जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं’ हे आपल्याकडे चावडीपासून कोर्टाच्या आवारापर्यंत सगळे ठामपणे सांगतात. कायद्यात तसं कुठेच नाही. ‘वीस वर्षं’ म्हणणाराही एक वर्ग आहे, तो भारतीय दंड संहितेच्या कलम ५७ वर बोट ठेवतो. ते कलम फक्त शिक्षेचे अपूर्णांक काढण्यापुरतं होतं, जसं एखाद्या गुन्ह्याला ‘जन्मठेपेच्या निम्मी शिक्षा’ असेल तर निम्मी कशाची हे ठरवायला. हा वाद महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेला होता. गोपाळ गोडसे यांनी मिळालेली माफी (चांगली वागणूक, काम यांसाठी शिक्षेतून कमी होणारे दिवस) धरून वीस वर्षं पूर्ण झाली, आता सोडा, अशी मागणी केली. न्यायालयाने १९६१ मध्ये ती फेटाळली आणि सांगितलं की जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. सरकारने सूट दिली तरच त्याआधी सुटका, आणि ती सूट कैदी हक्काने वसूल करू शकत नाही. साठ वर्षांहून जास्त काळ लोटला, कायदा आजही तिथेच आहे.

मग चौदा आले कुठून? १९७८ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३३-अ घातलं गेलं. ज्या गुन्ह्याला फाशीचीही तरतूद आहे (खून त्यात येतो) अशा गुन्ह्यात जन्मठेप झाली, किंवा फाशीची जन्मठेप झाली, तर किमान चौदा वर्षं तुरुंगात काढल्याशिवाय सरकारला सोडता येणार नाही. ही मर्यादा कैद्यावर नव्हे, सरकारवर घातलेली आहे. मर्यादा संपली की कैदी सुटतो असं नाही, सरकारचे हात मोकळे होतात एवढंच. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९८० मध्ये हे कलम वैध ठरवलं आणि ही चौदा वर्षं प्रत्यक्ष भोगलेली हवीत, माफीचे दिवस त्यात मिळवायचे नाहीत, हेही स्पष्ट केलं. नव्या संहितेत हेच कलम ४७५ झालं आहे.

आता मामांचा हिशेब करू. सुरुवात सेट-ऑफपासून, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

खटला चालू असताना, म्हणजे कच्चा कैदी म्हणून, आत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात, तोच सेट-ऑफ. पूर्वीचं कलम ४२८, आताचं ४६८. जन्मठेपेत ते लागू होतं का यावर बराच वाद होता, पण आता कलमातच लिहिलेलं आहे की ते दिवस चौदा वर्षांमध्ये मोजायचे. मात्र ते त्याच खटल्यातले आणि शिक्षेच्या आधीचे असायला हवेत. जामिनावर बाहेर असलेला काळ अर्थातच नाही. मामा १२ मार्च ते ३ नोव्हेंबर २०१० आत होते: ७ महिने २३ दिवस. पुढची अडीच वर्षं ते घरी होते.

शिक्षा लागली २० जून २०१३ ला. तिथून सरळ चौदा वर्षं मोजली तर १९ जून २०२७. त्यातून ७ महिने २३ दिवस मागे या: २७ ऑक्टोबर २०२६. आता पॅरोलचे ९० दिवस आणि उशिराचे १२, एकूण १०२ दिवस पुढे सरका. तारीख येते ६ फेब्रुवारी २०२७. तुरुंगाच्या हिशेबात एखाददुसऱ्या दिवसाचा फरक निघेल, कारण अटकेचा आणि सुटण्याचा दिवस धरायचा की नाही यावर दोन बाबू दोन उत्तरं देतात. पण तारीख याच्या आसपासच राहणार.

सहआरोपीचा प्रस्ताव २०२४ मध्ये गेला, म्हणजे त्याला खटल्यादरम्यान जामीन मिळालेला नसणार. १२ मार्च २०१० पासून तो सलग आत असेल आणि पॅरोल घेतला नसेल, तर त्याची चौदा वर्षं ११ मार्च २०२४ ला भरली. तुमच्या आजोबांनी तेव्हा धडपड करून मामांचा जामीन केला, त्या अडीच वर्षांची भरपाई आता होतेय. जामीन घ्यायला नको होता असं मी म्हणत नाही. ती अडीच वर्षं मामांनी पोरांबरोबर काढली, आणि निर्दोष सुटण्याची शक्यताही तेव्हा होतीच.

पॅरोल का वजा केला, हा पुढचा प्रश्न तुम्ही विचारणारच. १९५९ च्या नियमांतच दोन रजांना वेगळी वागणूक आहे: फर्लोवरचे दिवस शिक्षेत धरले जातात, पॅरोलवरचे धरले जात नाहीत. म्हणून मामांच्या फर्लो मी वरच्या हिशेबात घेतल्याच नाहीत. चौदा वर्षांच्या बाबतीत पॅरोलचा मुद्दा गोव्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात गेला. पॅरोलवर असतानाही मी कायद्याच्या ताब्यातच होतो, असं कैद्याचं म्हणणं होतं. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने ते नाकारलं. त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे: पॅरोलचे दिवस मोजायला लागलो तर वजनदार कैदी पुन्हा पुन्हा पॅरोल घेतील आणि ‘प्रत्यक्ष’ या शब्दाला अर्थच उरणार नाही. युक्तिवाद पटतो, पण त्याचा फटका वजनदारांपेक्षा इतरांनाच जास्त बसतो, हेही तितकंच खरं. मे २०२० मध्ये कोरोनामुळे नियमात खास तरतूद करून महाराष्ट्राने आधी ४५ दिवसांची आपत्कालीन अभिवचन रजा दिली, मग ती तीस-तीस दिवसांनी वाढत गेली. गर्दी कमी करायची गरज सरकारची होती. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये पंधरा दिवसांत हजर व्हायला सांगेपर्यंत देशभरातले बरेच कैदी बाहेर होते. रजा आपत्कालीन असली तरी ती पॅरोलच, त्यामुळे तो सगळा काळ त्यांच्या चौदा वर्षांतून गळतो. घरच्यांना हे कळतं ते प्रस्तावाच्या वेळी. मामा त्या रजेवर गेले नव्हते असं तुमच्या तारखांवरून दिसतं. पण एकदा त्यांनाच विचारून घ्या, कारण तसं असेल तर माझी तारीख बरीच पुढे जाईल.

उशिराच्या बारा दिवसांचं नुकसान बारा दिवसांपुरतं राहत नाही. त्यासाठी माफी कापली जाते, पुढची रजा अडते, आणि वर्तणुकीच्या रकान्यात एक ओळ कायमची राहते. उशिराचं कारण खरं होतं (दवाखाना, रस्ता बंद, काहीही) तर त्याचे कागद आजही जमवून ठेवा.

आता दुसरा हिशेब. घरच्यांना तो माहीतच नसतो, आणि सुटकेचं वर्ष बहुतेक वेळा तोच ठरवतो.

चौदा वर्षांनंतर सरकार कुणाला कधी सोडणार, यासाठी महाराष्ट्राच्या गृह विभागाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. ११ मे १९९२ ची एक, १५ मार्च २०१० ची दुसरी, आणि मधे-पुढे सुधारणा. त्यांत गुन्ह्याच्या श्रेणी पाडल्या आहेत आणि प्रत्येक श्रेणीपुढे एक आकडा आहे: २२, २४, २६ अशी चढत जाणारी वर्षं. हा आकडा माफी धरून असतो. म्हणजे कैद्याला दोन अटी पुऱ्या कराव्या लागतात: माफी न धरता चौदा, आणि माफी धरून त्याच्या श्रेणीचा आकडा.

माफी मिळते ती १९६२ च्या माफी नियमांनुसार. चांगल्या वागणुकीसाठी आणि नेमून दिलेल्या कामासाठी दर महिन्याला काही दिवस, वर्षभर एकही शिक्षा झाली नाही तर वार्षिक माफी, विशेष कामगिरीसाठी विशेष माफी, आणि शासन एखाद्या प्रसंगी जाहीर करतं ती शासकीय माफी. ती चढायला लागते शिक्षा लागल्यावर. कच्चा कैदी असतानाच्या दिवसांवर ती मिळत नाही. खुल्या कारागृहात (पैठण, मोर्शी, विसापूर, येरवड्याचं खुलं) माफीचा दर बंद कारागृहापेक्षा बराच जास्त असतो. म्हणून मी दर वेळी सांगतो, खुल्या कारागृहासाठी निवड होत असेल तर ‘घरापासून लांब पडतं’ म्हणून नकार देऊ नका. मुलाखतीला जायचा त्रास वाढेल, पण तारीख जवळ येईल.

उदाहरणापुरते काही आकडे गृहीत धरतो. समजा ६ फेब्रुवारी २०२७ ला मामांच्या खाती साडेचार वर्षांची माफी जमलेली आहे. चौदा अधिक साडेचार, साडेअठरा झाली. श्रेणी २२ ची असेल तर साडेतीन वर्षं कमी पडतात. दर वर्षाला साधारण चार महिने माफी मिळत राहिली तर ती भरायला दोन वर्षं साडेसात महिने लागतील, म्हणजे सप्टेंबर २०२९. श्रेणी २४ ची लागली तर मार्च २०३१. कागदावर एका श्रेणीचा फरक, आत दीड वर्ष.

म्हणूनच या प्रकरणांतली खरी लढाई श्रेणीवर होते. खून एकट्याने केला की टोळक्याने, पूर्वनियोजित होता की रागाच्या भरात, हेतू काय होता, क्रौर्य कितपत, बळी स्त्री किंवा लहान मूल होतं का, यावर श्रेणी ठरते. ती ठरवणारा माणूस निकालपत्र वाचून ठरवतो, आणि निकालपत्र लिहिताना न्यायाधीशांच्या डोळ्यांपुढे ही श्रेणी नसते. ‘आरोपींनी संगनमताने निर्घृणपणे’ हे शब्द निकालपत्रात सवयीने येतात आणि दहा-बारा वर्षांनी कुणाला तरी वरच्या पायरीवर नेऊन बसवतात. शवविच्छेदन अहवालात दोनच जखमा, शेतातल्या बांधावरून अचानक उसळलेलं भांडण, हत्यार म्हणजे तिथेच पडलेला कुऱ्हाडीचा दांडा, आणि श्रेणी मात्र अपवादात्मक क्रौर्याची, अशी फाइल मी हाताळली आहे. उच्च न्यायालयात अशी श्रेणी बदलून मिळते, पण तिथे निकालपत्रातला पुरावा परिच्छेदासकट दाखवावा लागतो. ‘गरीब माणूस आहे साहेब’ एवढ्यावर काही होत नाही. मामांचा खटला कलम ३४ चा, म्हणजे एकाहून जास्त आरोपींचा. त्यामुळे खालच्या श्रेणीची आशा धरताना हे लक्षात ठेवा.

कुठली तत्त्वं लागू, १९९२ ची की २०१० ची? मामांना अटक १२ मार्च २०१० ला झाली आणि नवी तत्त्वं आली १५ मार्चला, त्यामुळे जुनी लागू व्हायला हवीत असं कुणीतरी तुम्हाला सांगेल. गुन्ह्याची तारीख इथे चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हरियाणाच्या प्रकरणात ठरवलं की शिक्षा लागली त्या दिवशी जे धोरण होतं ते लागू, आणि विचार होताना त्याहून सौम्य धोरण आलेलं असेल तर त्याचा फायदा द्यायचा. मामांची शिक्षा २०१३ ची, म्हणून २०१० ची तत्त्वं. याच नियमावरून अरुण गवळीचं प्रकरण गाजलं. वय ६५ च्या वर आणि चौदा वर्षं पूर्ण, अशा अशक्त कैद्यांसाठी २००६ ची एक अधिसूचना होती. २०१५ मध्ये तिच्यातून मोक्काचे कैदी वगळले गेले. गवळीला शिक्षा लागली २०१२ मध्ये. नागपूर खंडपीठाने एप्रिल २०२४ मध्ये २०१२ ला जे लागू होतं तेच धरलं. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. म्हणजे नियम स्पष्ट असला तरी प्रत्येक प्रकरणात तो सरळ पदरात पडतोच असं नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण सीमेवरच्या जिल्ह्यांतली मंडळी नेहमी विचारतात: शिक्षा गुजरातेत, कैदी महाराष्ट्रात, तर सोडणार कोण? ज्या राज्यातल्या न्यायालयाने शिक्षा दिली ते राज्य. कैदी कुठे ठेवलाय किंवा गुन्हा कुठे घडला याला महत्त्व नाही. बिल्कीस बानो प्रकरणात गुन्हा गुजरातेतला होता, पण खटला मुंबईत वर्ग झाला होता आणि २००८ मध्ये शिक्षा मुंबईच्या विशेष न्यायालयाने दिली होती. गुजरात सरकारने १५ ऑगस्ट २०२२ ला अकरा जणांना सोडलं. ८ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली, कारण तो अधिकार महाराष्ट्राचा होता. सीबीआयसारख्या केंद्रीय यंत्रणेने तपास केलेल्या प्रकरणात केंद्राची संमतीही लागते.

काही कैद्यांना वरचा कुठलाच हिशेब लागू होत नाही. निकालपत्रातच ‘वीस वर्षं माफीविना’ किंवा ‘तीस वर्षं माफीविना’ असं लिहिलेलं असेल तर तेवढी वर्षं सरकारलाही सूट देता येत नाही. २००८ पासून उच्च आणि सर्वोच्च न्यायालयं अशी शिक्षा देत आली आहेत आणि २०१५ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. वर्षं ठरवून दिलेल्या अशा शिक्षेत ती वर्षं भरली की सुटका व्हायला हवी, पुन्हा माफीच्या अर्जाची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये नितीश कटारा खून खटल्यातल्या एका कैद्याबाबत सांगितलं. एनडीपीएसच्या (अमली पदार्थांच्या कायद्याच्या) शिक्षेत कलम ३२-अ मुळे माफी मिळत नाही. पण त्या कलमाने पॅरोल बंद होत नाही, हे महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात २००० मध्ये ठरलं.

दंडाचं मात्र आजच तपासा. शिक्षेत ‘दंड न भरल्यास आणखी एक वर्ष’ असं काही आहे का? ते वर्ष मूळ शिक्षेबरोबर चालत नाही, नंतर वेगळं भोगावं लागतं. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा एकदा स्पष्ट केलं. सेट-ऑफही त्याला मिळत नाही. पाच हजारांचा दंड राहून गेला आणि त्यापायी माणूस महिनोन्‌महिने जास्त आत बसला, असं घडतं. दंड शिक्षा देणाऱ्या न्यायालयात भरता येतो आणि पावतीची प्रत तुरुंगात द्यावी लागते. पावती घरच्या पेटीत ठेवून उपयोग नाही.

मामांना मुदतीची शिक्षा असती तर सगळं सोपं होतं: दहा वर्षांतून कच्चे दिवस वजा, माफी वजा, पॅरोलचे दिवस अधिक, आणि येईल ती सुटकेची तारीख. सरकारपुढे प्रस्ताव नाही, श्रेणी नाही.

प्रस्तावाचा प्रवास असा असतो. तुरुंगाचं कार्यालय कैद्याची शिक्षा, माफी, रजा, वर्तणूक यांचा तक्ता बनवतं. पोलीस आणि महसूल यंत्रणेकडून अहवाल येतात: गावात परत आला तर तंटा होईल का, बळीच्या घरच्यांचं म्हणणं काय. शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचं मत मागवलं जातं. मूळ न्यायाधीश बहुधा निवृत्त झालेले असतात. आज त्या खुर्चीवर जे असतात ते रेकॉर्ड वाचून मत देतात, आणि ‘गुन्हा गंभीर आहे, सोडू नये’ अशी दोन ओळींची मतं सर्रास यायची. २०२२ मध्ये छत्तीसगडच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की मत कारणांसह हवं, आणि त्यात या गोष्टींचा विचार दिसला पाहिजे: गुन्ह्याचा समाजावर परिणाम, पुन्हा गुन्ह्याची शक्यता, आत ठेवून आता काही साधतं का, घरची स्थिती. मामांच्या बाबतीत तसं दोन ओळींचं मत आलं तर हा निकाल हाताशी ठेवा. शेवटी गृह विभाग आदेश काढतो.

यासाठी अर्ज करावाच लागतो का? धोरण असलेल्या राज्यांत पात्र कैद्याचा विचार सरकारने स्वतःहून करायचा, अर्जाची वाट पाहायची नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे. तरीही मी अर्ज द्यायलाच सांगतो. आवक क्रमांक पडलेला कागद असला की पुढे उच्च न्यायालयात रिट याचिका करताना विलंब कुणाकडून झाला ते दाखवता येतं.

आता तुम्ही काय करायचं? मामांच्या सहीने तुरुंग अधीक्षकांकडे एक साधा अर्ज द्या, त्यात शिक्षेचा पूर्ण तक्ता मागा: सेट-ऑफचे दिवस, प्रत्येक रजेची सुटण्याची आणि हजर होण्याची तारीख, प्रकारवार माफी, कापलेली माफी आणि त्याचा आदेश. कैद्याच्या हिस्ट्री टिकिटावर या नोंदी असतात. मामांना मुलाखतीत विचारून त्या टिकिटावरच्या तारखा तुमच्या वहीत उतरवा आणि तक्त्याशी ताडून पाहा. चुका सापडतात. नेहमीची चूक म्हणजे फर्लो पॅरोलच्या रकान्यात पडलेली. तेवढ्याने दर वेळचे सगळे दिवस विनाकारण वजा होतात. दुसरी म्हणजे कैदी एका कारागृहातून दुसऱ्यात हलवला की आधीच्या ठिकाणच्या माफीचा मेळ लागत नाही. मामा मधे दुसरीकडे होते का ते विचारा. तक्ता देत नसतील तर माहितीच्या अधिकारात मागा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे वकील कारागृहात येतात, मामांनी तिथे नाव द्यावं.

फर्लो मागत राहायला हरकत नाही. तिचे दिवस शिक्षेतच धरले जातात आणि वेळेवर हजर झाल्याची प्रत्येक नोंद प्रस्तावात मामांच्या बाजूने उभी राहते. मूळ १९५९ च्या नियमांत जन्मठेपेच्या कैद्याला सात वर्षं प्रत्यक्ष भोगल्यावर दर वर्षी फर्लो मिळायची. तेव्हापासून पात्रतेचे टप्पे आणि अपात्र गुन्ह्यांची यादी अनेकदा बदलली आहे, तेव्हा अर्जाच्या दिवशी लागू असलेला नियम कारागृहातूनच विचारून घ्या. पॅरोल मात्र खरोखर अडल्याशिवाय मागू नका. तीस दिवसांचा पॅरोल घेतला की ६ फेब्रुवारी २०२७ ची तारीख ८ मार्च होते.

आणि प्रस्ताव फेटाळला गेला तर आदेशाची प्रत लगेच मागा. कारण दिलेलं नसेल, श्रेणी चुकीची लावली असेल किंवा न्यायालयाचं मत दोन ओळींचं असेल, तर उच्च न्यायालयात रिट करता येतं. अशा वेळी न्यायालय बहुधा स्वतः सोडत नाही, फेरविचाराला पाठवतं, आणि त्यासाठी मुदत घालून देतं. त्या मुदतीची तारीख वहीत लिहून ठेवा. ती उलटून पंधरा दिवस झाले की पुन्हा वकिलांकडे जा.